लाल चौकटीतली गोळी

पाठीच्या ऑपरेशननंतर दुखणार, हे प्रत्येकाला माहीत असतं. कुठे दुखेल, किती दिवस दुखेल आणि कोणतं दुखणं कोणत्या गोळीला जुमानतं, हे मात्र डिस्चार्जच्या गडबडीत, मेडिक्लेमच्या कागदांखाली कुठेतरी राहून जातं. मग घरी आल्यावर सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय उरतो : पिशवीतली सगळ्यात ‘स्ट्राँग’ गोळी. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असलेल्या ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाशी मणक्याच्या पेशंटची सोयरीक जुळते ती बहुतेक वेळा अशी.

म्हणून आधी दुखण्यांची फोड करू. सरकलेल्या चकतीचा तुकडा काढण्याचं छोटं ऑपरेशन असो, नस मोकळी करायला हाड कोरणं असो, की स्क्रू आणि रॉड घालून मणके जोडणं असो, नंतरची दुखणी साधारण तीन जातींची असतात. पहिलं जखमेचं. ते टाक्यांच्या आसपास असतं, बोट ठेवून दाखवता येतं, पहिले तीन दिवस जोरात असतं आणि मग रोज थोडं उतरतं. दुसरं स्नायूंचं. ऑपरेशनच्या वेळी पाठीचे स्नायू बाजूला ताणून धरलेले असतात, ते नंतर आखडतात. हे दुखणं संध्याकाळी वाढतं, बसून राहिलं की कंबर धरतं आणि काही आठवडे रेंगाळतं. तिसरं नसेचं : पायात वीज चमकल्यासारखी कळ, जळजळ, मुंग्या. ज्या पायदुखीसाठी ऑपरेशन केलं ती बऱ्याचदा शुद्धीवर येताच गेलेली असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नसेच्या सुजेमुळे काही दिवस डोकं वर काढते. लोक इथे हबकतात, ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणतात. बहुतेकांचं ते आपोआप बसतं. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. नसेचा इजा झालेला धागा दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या चालीने वाढतो, त्यामुळे कंबरेपासून पावलापर्यंतचा हिशेब महिन्यांचाच असतो, आणि थोडा बधिरपणा कायमचाही राहू शकतो.

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल यांसारख्या अफूच्या कुळाप्रमाणे काम करणाऱ्या गोळ्या पहिल्या दुखण्यावर चांगल्या चालतात, दुसऱ्यावर बेताच्या, आणि तिसऱ्यावर त्यांचा भरवसा कमीच. मुंग्या येतात म्हणून ट्रॅमाडॉल वाढवत नेणारा माणूस चुकीच्या कुलपाला किल्ली लावत असतो.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. ‘अजिबात दुखायला नको’ असं ठरवलं की गोळ्यांना अंत राहत नाही. वॉर्डात नर्स विचारते, दहापैकी किती? तो आकडा एकटा फारसा कामाचा नाही. त्याच्या जोडीला चार गोष्टी विचाराव्यात : कूस बदलता येते का, खोकता येतं का, बाथरूमपर्यंत जाता येतं का, रात्री सलग तीन-चार तास झोप लागते का? चारही जमत असतील तर दुखणं दहापैकी चार असलं तरी गोळी वाढवायचं कारण नाही. दुखणं तीन असूनही माणूस भीतीने पडूनच राहत असेल, तर तिथे गोळीपेक्षा फिजिओथेरपिस्टची गरज जास्त.

या सगळ्याची तयारी ऑपरेशनच्या आधीपासून करायची असते. भूलतज्ज्ञांना विचारा की जखमेत बधिर करणारं औषध सोडणार का, किंवा पाठीच्या स्नायूंच्या थरात ब्लॉक, म्हणजे तिथल्या नसा काही तास बधिर करणारं इंजेक्शन, देणार का. 2016 मध्ये वर्णन झालेला इरेक्टर स्पाइनी प्लेन नावाचा ब्लॉक आता मणक्याच्या ऑपरेशनसाठीही वापरतात. त्याचा असर काही तासांनी उतरतो, म्हणून संध्याकाळी ‘काहीच दुखत नाही’ म्हणणारा पेशंट मध्यरात्री कळवळतो. ही उतरण्याची वेळ माहीत असली, तर पुढचा डोस त्याआधीच पोटात जातो. तुम्ही महिनोन्‌महिने ट्रॅमाडॉल घेत असाल, रोज दारू होत असेल, झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू असेल, तर ते याच वेळी सांगायचं. घरच्यांसमोर सांगायला संकोच वाटत असेल, तर त्यांना बाहेर थांबवून सांगा. भूल देणाऱ्याला ही माहिती चारित्र्याच्या चौकशीसाठी नको असते. औषधांचं प्रमाण तिच्यावर ठरतं.

आता घरचा पाया. तो आहे पॅरासिटामॉल. ‘ती तर तापाची गोळी’ म्हणून तिला कोणी किंमत देत नाही, पण घड्याळ लावून घेतली तर ती पुढच्या सगळ्या गोळ्यांचा भार कमी करते. मोठ्या माणसाला साधारणपणे 1 ग्रॅम, म्हणजे 500 च्या दोन, दर आठ तासांनी : सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर हे प्रमाण कमी करावं लागतं, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. पहिले चार-पाच दिवस ‘दुखलं तर घेईन’ हा बाणेदारपणा महाग पडतो. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं, आणि ते जास्तीचं औषध नेमकं लाल चौकटीतलं असतं.

पायाच्या वरचा थर सूज कमी करणाऱ्या गोळ्यांचा : डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब. यांतली एकच, जेवणानंतर, ठरवून दिलेले मोजके दिवस. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची जोडगोळी घेणाऱ्यांनी इथे सावध राहायचं. या दोन्ही औषधांवर सुजेची गोळी पडली आणि त्यात पाणी कमी प्यायलं गेलं, की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. ऑपरेशननंतर संडास-बाथरूमच्या फेऱ्या टाळायला लोक पाणी कमीच पितात, म्हणून हे इतकं स्पष्ट सांगायचं. मणके जोडण्याच्या ऑपरेशननंतर या गोळ्या द्याव्यात की नाही, यावर सर्जन लोकांचं एकमत नाही. काहींना हाड जुळण्याची काळजी वाटते. तुमच्या सर्जनचं मत विचारा आणि तेच पाळा. हाड जुळण्यात खरा खोडा तंबाखूचा. सिगारेट बंद केली पण मशेरी चालू आहे, असं खूप घरांत असतं. निकोटिन दोन्हींत आहे.

याच पिशवीत अनेकदा थायोकोल्चिकोसाइड हे स्नायू सैल करणारं औषध असतं, असेक्लोफेनॅकशी जोडलेलं. युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये त्याच्या तोंडाने घेण्याच्या गोळ्यांवर 7 दिवसांची मर्यादा घातली. आपल्याकडे ती पट्टी महिनाभर चालू असलेली दिसते. सेरॅशिओपेप्टिडेजबद्दल एवढंच, की सूज ‘जिरवण्याच्या’ त्याच्या कीर्तीमागे भक्कम पुरावा नाही.

जोडगोळ्यांचा खरा धोका बेरजेत आहे. समजा चिठ्ठीवर पॅरासिटामॉल 650 तीन वेळा, असेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोन वेळा, आणि ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा आहेत. नावं तीन, म्हणून औषधं तीन वाटतात. पट्टी उलटून बारीक अक्षरं वाचा. पहिलीतून 1950 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दुसरीच्या प्रत्येक गोळीत 325, म्हणजे 650. तिसरीतही प्रत्येकी 325, म्हणजे सहा गोळ्यांचे 1950. एकूण 4550. दिवसाची वरची मर्यादा 4000, आणि घरी असताना 3000 च्या आत राहिलेलं बरं. हे सहसा कोणी एकट्याने लिहून दिलेलं नसतं. एक गोळी सर्जनची, एक फॅमिली डॉक्टरांची, एक ‘आपल्याकडे होतीच’ अशी. म्हणून कपाटाच्या दारावर एकच कागद चिकटवायचा : वेळ, गोळी, त्यात काय आहे, घेतल्याची खूण.

आता ती लाल चौकट. ट्रॅमाडॉल 2014 पासून एच-1 या, चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. वेष्टनावर लाल रेषेच्या चौकटीत इशारा छापायचा आणि केमिस्टने रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहून तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. एप्रिल 2018 मध्ये केंद्राने ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आणलं. तरी ओळखीच्या दुकानात ‘मागच्या वेळची ती पांढरी’ एवढ्यावर पट्टी हातात पडते, हे कोणापासून लपलेलं नाही.

ट्रॅमाडॉल वाईट नाही. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस त्याच्याशिवाय काढायला लावणं ही क्रूरता होईल, आणि दुखण्याने जखडून पडलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. प्रश्न मुदतीचा आहे. चकतीच्या छोट्या ऑपरेशनला साधारण तीन ते पाच दिवस, स्क्रू-रॉडच्या मोठ्या ऑपरेशनला एक ते दोन आठवडे. पहिली गोळी घ्यायच्या दिवशीच शेवटच्या गोळीची तारीख कागदावर लिहावी. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2017 मध्ये मांडलेली आकडेवारी बोलकी आहे : ज्यांना पहिल्यांदा अफूच्या कुळातल्या औषधाचा किमान एका दिवसाचा साठा मिळाला, त्यांच्यातले 6 टक्के वर्षानंतरही ते घेत होते, आठ दिवस किंवा जास्तीचा मिळालेल्यांत 13.5 टक्के, 31 दिवस किंवा जास्तीच्यांत सुमारे 30. ज्यांचं जास्त दुखत होतं त्यांना जास्त गोळ्या दिल्या गेल्या असणार, त्यामुळे सगळा दोष साठ्याला देता येत नाही. तरी कल स्पष्ट आहे.

ट्रॅमाडॉलची अडचण अशी की ते एकाच वेळी दोन रस्त्यांनी चालतं. अफूच्या रस्त्याने वेदना दाबतं आणि दुसरीकडे मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं. म्हणून नैराश्यावरचं, सेरोटोनिनच वाढवणारं सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रॅम घेणाऱ्याला त्याच्या जोडीने थरथर, घाम, छातीत धडधड, बेचैनी होऊ शकते. फिट्सचा इतिहास असलेल्याला फिट येऊ शकते. अल्प्राझोलाम किंवा दारूबरोबर घेतलं तर श्वास मंदावण्याची भीती. शिवाय यकृत त्याचं जोरकस रूपात रूपांतर करतं ते प्रत्येकात वेगळ्या वेगाने. एका घरातल्या एका भावाला ‘काहीच फरक नाही’ आणि दुसऱ्याला एका गोळीत गुंगी, हे म्हणूनच होतं. मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा, पंचाहत्तरीपुढे 300, आणि मूत्रपिंड अधू असेल तर त्याहून कमी.

बद्धकोष्ठ हा विषय लोक हसण्यावारी नेतात. पाठीच्या पेशंटला मात्र चौथ्या दिवशी संडासात बसून कुंथताना आधीच्या तिन्ही दिवसांपेक्षा जास्त दुखतं, आणि त्या दुखण्यासाठी पुन्हा ट्रॅमाडॉल घेतलं जातं, ज्याने आतडं आणखी सुस्तावतं. मळमळीसाठी दिलेलं ऑन्डान्सेट्रॉनही त्याला हातभार लावतं. पहिल्या ट्रॅमाडॉलबरोबरच रात्री लॅक्टुलोज 15 ते 30 मिलिलिटर सुरू करायला डॉक्टरांना सांगा. दोन दिवसांत पोट साफ झालं नाही तर बिसाकोडिल 5 मिलिग्रॅम किंवा सोनामुखीची गोळी. घरोघरी पहिला हात इसबगोलकडे जातो. इथे ते चुकीचं. इसबगोल मळाचा आकार वाढवतं, त्याला भरपूर पाणी आणि हलतं आतडं लागतं. या दिवसांत दोन्ही नसतात, आणि पुढे गोळा अडून बसतो. ट्रॅमाडॉल थांबल्यावर खुशाल घ्या.

गोळ्यांइतकंच काम करते अंथरुणातून उठण्याची रीत. ती नीट पाहू. पाठीवर झोपला आहात. दोन्ही गुडघे वाकवा, पावलं गादीवर टेकवा. आता खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी कुशीवर वळवा, ओंडका वळावा तसे. खांदा आधी आणि कंबर नंतर असं झालं की पीळ पडतो आणि कळ येते. कुशीवर आल्यावर पलंगाच्या कडेला सरका, पोटऱ्या कडेबाहेर सोडा, आणि त्याच क्षणी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबत वर या. पाय खाली जाण्याच्या वजनाने धड आपोआप वर येतं. श्वास रोखू नका, उठताना सोडा. बसल्यावर मिनिटभर थांबा, कारण गोळ्यांनी रक्तदाब खाली असतो आणि भोवळ येते. झोपताना हेच उलट्या क्रमाने. पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा. जमिनीवरच्या गादीवरून ही रीत जमत नाही, आणि आजी-आजोबांचा लाडका दोरीचा किंवा नवारीचा पलंग मधे झोळ पडल्यामुळे त्याहून वाईट. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी.

चालणं पहिल्या दिवसापासून, सर्जनने मनाई केली नसेल तर. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटांची वाढ. एकदम अर्धा तास चालून संध्याकाळी कोसळणारे उत्साही लोक दुसऱ्या दिवशी अंथरुणात असतात. बसणं एका वेळी वीस मिनिटं, सरळ पाठीच्या खुर्चीत. सोफा शत्रू समजा. पहिले सहा आठवडे वाकणं, पिळणं, उचलणं बंद. उचलण्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी 2 ते 4 किलो सांगतात. पाच लिटर तेलाचा कॅन त्याच्या बाहेर जातो, वरणाने भरलेला मोठा कुकर जातो, पाण्याची बादली तर जातेच. मांडी घालून जेवणं, उकिडवं बसणं, भारतीय संडास, स्कूटरमागे बसणं, सगळं सर्जन सांगेपर्यंत बाजूला. कमोड नसेल तर तीन-चार हजारांच्या खुर्चीसाठी मागेपुढे पाहू नका. बऱ्याच गावांत ती भाड्यानेही मिळते.

बर्फ पहिल्या आठवड्यात उपयोगी : पिशवी कापडात गुंडाळून, जखमेच्या बाजूला, 15 मिनिटं, ड्रेसिंग कोरडं ठेवून. शेक नंतर, टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर, आणि बधिर भागावर कधीच नाही, कारण भाजलं तरी कळत नाही. तेल लावून रगडणाऱ्या नातेवाइकांना हात जोडून परत पाठवा.

नसेच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन किंवा गॅबापेन्टिन देतात, बहुधा रात्री. दोन्हींनी झोप आणि चक्कर येते. रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका खरा आहे, म्हणून दिवा चालू ठेवा आणि हाक मारा. ट्रॅमाडॉलबरोबर ती घेताना, विशेषतः वय जास्त असेल, दमा असेल किंवा झोपेत घोरत श्वास अडकत असेल, तर श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने 2019 च्या डिसेंबरात या औषधांबद्दल असाच इशारा दिला. तीही एका दिवसात तोडायची नसतात, किमान आठवडाभरात उतरवायची. सोबत येणाऱ्या मिथाइलकोबालामिनची गरज बी-12 कमी असणाऱ्याला. शाकाहारी माणसाने एकदा तपासून घेतलेलं बरं, पण वेदनाशामक म्हणून त्याच्याकडे पाहू नका.

थांबवण्याचा क्रम पक्का लक्षात ठेवा : आधी ट्रॅमाडॉल, मग सुजेची गोळी, शेवटी पॅरासिटामॉल. लोक नेमकं उलटं करतात. साध्या गोळ्या ‘कशाला उगाच’ म्हणून सोडतात आणि स्ट्राँग चालू ठेवतात. आठवड्याच्या आत असाल तर ट्रॅमाडॉल बहुतेक वेळा सरळ थांबवता येतं. दोन-तीन आठवडे झाले असतील तर पायरीने, डॉक्टरांना विचारून. उदाहरणार्थ दिवसाला 50 च्या चार होत असतील, तर आधी दुपारची काढायची, दोन-तीन दिवसांनी संध्याकाळची, मग सकाळची, रात्रीची सर्वांत शेवटी. उतरवताना जांभया, नाक गळणं, घाम, पायांची वळवळ, जुलाब, झोप उडणं हे सगळं एक-दोन दिवसांत सुरू होऊ शकतं. ‘गोळी सोडली की अंग दुखतं, म्हणजे पाठ अजून बरी नाही’ असा अर्थ लावून माणूस पुन्हा गोळी घेतो, आणि इथेच महिने जातात. शरीराला सवय लागणं ही औषधाची अपेक्षित करणी आहे. तिला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनाची चिन्हं वेगळी : पाठ ठीक असताना मन शांत करायला किंवा झोपेसाठी गोळी घेणं, वेळेआधी घेणं, घरच्यांना कमी सांगणं, दुसऱ्या पेठेतल्या केमिस्टकडे जाणं. यांपैकी एकही दिसलं तर लाजायचं कारण नाही, पण सर्जनकडे न जाता वेदनातज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. पहिल्या आठवड्यात पट्टी घरातल्या दुसऱ्याच्या ताब्यात असली आणि गोळ्या रोज मोजल्या गेल्या, तर ही वेळ सहसा येत नाही.

काही दुखण्यांना मात्र गोळी द्यायचीच नसते, रिक्षा बोलवायची असते. लघवी तुंबणं किंवा कळेनाशी होणं, जांघेत आणि बसण्याच्या जागेत बधिरपणा, पाऊल अचानक लोंबकळायला लागणं : त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटल. ताप 101 च्या वर, जखमेतून पू, जखम लाल आणि गरम होणं. उठून बसलं की फाटणारं आणि झोपलं की थांबणारं डोकं, सोबत ड्रेसिंगवर पाण्यासारखा ओलावा : मेंदू-मणक्यातलं पाणी गळत असू शकतं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप. अशा वेळी वाढीव ट्रॅमाडॉल घेऊन सकाळची वाट पाहणारे लोक असतात, आणि त्या रात्रीची किंमत पुढे पायाने मोजावी लागते.

सहाव्या आठवड्याच्या सुमाराला पट्टीत चार-सहा गोळ्या उरतात. आपल्याकडे औषध टाकवत नाही. ती डब्यात जातात, आणि मेव्हण्याच्या दातदुखीला किंवा काकूंच्या गुडघ्याला बाहेर निघतात. काकू टेल्मिसार्टन आणि एस्सिटालोप्रॅम घेत असतात, हे कोणाच्या लक्षात नसतं. केंद्रीय औषध नियामक संस्थेने 2025 मध्ये उरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीच्या सूचना काढल्या. बहुतेक औषधं कचऱ्यात किंवा सांडपाण्यात टाकू नयेत असं त्या सांगतात, पण दुसऱ्याच्या हाती पडली तर एका डोसनेही जीव धोक्यात येईल अशा मोजक्या औषधांसाठी त्यांनी संडासात फ्लश करण्याची मुभा दिली. त्या छोट्या यादीत ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल दोन्ही आहेत. गोळ्या पट्टीतून काढून फ्लश करा, आणि रिकामी पट्टी नावाचं लेबल फाडून मग कचऱ्यात टाका.